लिनक्सवर लॅपटॉप तापतो, फॅन थांबत नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लॅपटॉपवर लिनक्स टाकल्यावर सुरुवातीला ज्या तक्रारी येतात, त्यांत फॅनचा आवाज हमखास असतो. मग फॅन स्वतःच्या हातात कसा घ्यायचा याची शोधाशोध सुरू होते. या पानावरचा क्रम मुद्दाम उलटा ठेवला आहे. आधी तापमान नीट वाचायचं, मग उष्णता कुठून येते ते शोधायचं, आणि फॅनला हात लावायचा तो सगळ्यांत शेवटी. आवाज करणारा फॅन बहुतेक वेळा आपलं काम चोख करत असतो. त्याला ते काम का करावं लागतंय, हा खरा प्रश्न आहे.

कमांडची आणि फाइलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे दिली आहेत. टर्मिनलमध्ये ती अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायची.

लॅपटॉपचा फॅन नेमका कोण चालवतं? लिनक्स की बायोस?

बहुतेक लॅपटॉपमध्ये दोघंही नाही. (बायोस म्हणजे मशीन सुरू होताना सगळ्यांत आधी चालणारा प्रोग्राम.) मदरबोर्डवर एम्बेडेड कंट्रोलर नावाची एक छोटी वेगळी चिप असते. कीबोर्ड, बॅटरीचं चार्जिंग, झाकण उघडलं-मिटलं हे ओळखणं आणि फॅन हे सगळं तिच्याकडे असतं. किती तापमानाला किती वेग, हा तक्ता निर्मात्याने तिच्या फर्मवेअरमध्येच, म्हणजे चिपमध्येच भरलेल्या प्रोग्राममध्ये, लिहून ठेवलेला असतो. म्हणूनच कोणतीही सिस्टीम सुरू होण्याआधी, नुसत्या बायोसच्या स्क्रीनवरसुद्धा फॅन फिरतो.

त्यामुळे ‘लिनक्सने फॅन वाढवला’ असं आपण म्हणतो तेव्हा खरी साखळी बहुधा अशी असते: लिनक्सवर काहीतरी जास्त काम चालू होतं, प्रोसेसर तापतो, कंट्रोलर ते पाहतो आणि फॅन वाढवतो. काही मशीनमध्ये एसीपीआयच्या (फर्मवेअरने सिस्टीमला हार्डवेअरची माहिती द्यायची ठरलेली पद्धत) तक्त्यांत ‘अॅक्टिव्ह’ प्रकारचे टप्पे असतात, तिथे मात्र कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, स्वतः फॅन सुरू करायला सांगतो.

मग विंडोजवर तोच लॅपटॉप शांत का असतो? तिथे निर्मात्याचा एक प्रोग्राम पार्श्वभूमीत बसून कंट्रोलरला ‘शांत’, ‘संतुलित’ किंवा ‘वेगवान’ यांपैकी मोड कळवत असतो. लिनक्सवर हे कळवणारं कोणी नसेल, तर कंट्रोलर मूळच्याच मोडमध्ये राहतो. हा फरक आता बराच भरून निघाला आहे. पॉवर प्रोफाइलच्या प्रश्नात त्याबद्दल लिहिलं आहे.

तापमान आणि फॅनचा वेग कुठे दिसतो?

‘एलएम-सेन्सर्स’ हे पॅकेज टाका आणि टर्मिनलमध्ये ‘सेन्सर्स’ ही कमांड द्या. आजच्या लॅपटॉपवर ‘सेन्सर्स-डिटेक्ट’ चालवायची गरज सहसा पडत नाही, कारण लागणारे ड्रायव्हर कर्नल स्वतःच लोड करतो. जे दिसेल ते साधारण असं असेल:

कोअरटेम्प: पॅकेज ५२ अंश, कोअर ० ५० अंश, कोअर १ ५२ अंश
एसीपीआयटीझेड: २७.८ अंश
एनव्हीएमई: ४१ अंश
आयडब्ल्यूएलवायफाय: ४६ अंश

पहिली ओळ इंटेल प्रोसेसरची आहे. एएमडी असेल तर तिथे ‘के१०टेम्प’ आणि त्याखाली ‘टीसीटीएल’ दिसेल. तिसरी ओळ एसएसडीची, चौथी वायफाय कार्डाची. दुसऱ्या ओळीवर मात्र भरवसा ठेवू नका. एसीपीआयचा हा आकडा कित्येक लॅपटॉपवर खोटा असतो आणि तासन्‌तास जागचा हलत नाही. तेवढाच आकडा पॅनेलवरच्या विजेटमध्ये लावून ‘माझा लॅपटॉप एकदम थंड आहे’ असं समजणारे बरेच आहेत. विजेटच्या सेटिंगमध्ये ‘पॅकेज’ किंवा ‘टीसीटीएल’ निवडा.

स्वतः स्क्रिप्ट लिहिणार असाल तर दोन गोष्टी ध्यानात असू द्या. ‘सिस’च्या (कर्नल हार्डवेअरची माहिती जिथे दाखवतो तो फोल्डर) झाडातल्या ‘एचडब्ल्यूमॉन’ फाइलींमध्ये तापमान अंशाच्या हजाराव्या भागात असतं, म्हणजे ५२००० हा आकडा ५२ अंशांचा. आणि ‘एचडब्ल्यूमॉन३’ सारख्या नावातला क्रमांक पुढच्या बूटला बदलू शकतो. म्हणून क्रमांक धरून न बसता प्रत्येक फोल्डरातली ‘नेम’ फाइल वाचून योग्य सेन्सर शोधावा.

किती तापमान म्हणजे काळजी करायची?

हलक्या कामात ४० ते ५५ अंश असतील तर काहीच बिघडलेलं नाही. मोठा प्रोग्राम कंपाइल करताना ८५-९५ अंशांना भिडणं पातळ लॅपटॉपसाठी नेहमीचं आहे. इंटेलच्या बऱ्याच मोबाइल प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० अंश असते, काहींची १०५. एएमडीच्या मोबाइल रायझनची साधारण ९५ ते १०५ च्या पट्ट्यात येते. त्या मर्यादेपाशी प्रोसेसर स्वतःहून वेग उतरवतो, यालाच थ्रॉटलिंग म्हणतात. तरीही तापमान चढत राहून ‘क्रिटिकल’ टप्पा ओलांडला, तर कर्नल मशीन बंद करतो. म्हणजे चिप जळून जाईल ही भीती जवळपास निराधार आहे.

काळजी वेगळ्याच दोन गोष्टींची करावी. एक, काहीही चालू नसताना ६५-७० अंशांच्या खाली न उतरणारं तापमान. दुसरं, बॅटरी. लिथियम-आयन बॅटरी सतत उष्णतेत आणि पूर्ण चार्जवर राहिली की लवकर म्हातारी होते, आणि लॅपटॉपमध्ये ती बहुधा तापणाऱ्या भागांपासून हातभर अंतरावरही नसते. लॅपटॉप कायम चार्जरवर असेल तर चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवणारी मर्यादा लावा. अनेक थिंकपॅड, असुस आणि इतर काही मॉडेलांना कर्नलमधूनच ती लावता येते.

थ्रॉटलिंग होतंय का ते पाहायला ‘टर्बोस्टॅट’ उत्तम, आणि चित्ररूपात हवं असेल तर ‘एस-टीयूआय’. नुसता तापमानाचा आकडा न पाहता त्याच्या शेजारी घड्याळाचा वेग आणि वॅट पाहायची सवय लावा. ९५ अंश आणि पूर्ण वेग, तर मशीन ठीक आहे. ९५ अंश आणि वेग निम्म्यावर, तर उष्णता बाहेर पडत नाहीये.

काहीच चालू नाही, तरी फॅन वाजतोय. सुरुवात कुठून करू?

‘काहीच चालू नाही’ हे आधी तपासून पाहा. ‘एचटॉप’ उघडा, प्रोसेसरच्या वापरानुसार क्रम लावा आणि दोन-तीन मिनिटं नुसतं बघत बसा. फॅन वाजत असताना वरच्या दोन-तीन ओळींत कोण आहे? बहुतेकदा गुन्हेगार तिथेच सापडतो.

नव्याने सिस्टीम टाकली असेल किंवा हजारो फोटो कॉपी केले असतील, तर फाइलींची अनुक्रमणिका बनवणारा प्रोग्राम चालू असतो. केडीईवर त्याचं नाव ‘बालू’, ग्नोमवर ‘ट्रॅकर’, ज्याला नव्या आवृत्त्यांत ‘लोकलसर्च’ म्हणतात. एकदाच होणारं काम आहे, होऊ द्या. चार्जर लावून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहा. तरीही थांबत नसेल, तर एखाद्या बिघडलेल्या फाइलपाशी तो अडकलेला असू शकतो. अशा वेळी तो फोल्डर वगळावा. पार्श्वभूमीत अपडेट शोधणारं ‘पॅकेजकिट’ही याच पठडीतलं.

ब्राउझर असेल तर प्रोसेसची यादी पुरत नाही, कारण तिथे एकाच नावाच्या वीस ओळी असतात. फायरफॉक्समध्ये ‘अबाउट प्रोसेसेस’ हे पान आणि क्रोमियममध्ये त्याचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडा, कोणता टॅब खातोय ते नावानिशी दिसेल.

आता खरा चकवणारा प्रकार. एचटॉपमध्ये ‘केवर्कर’ नावाचा कर्नलचा धागा एक अख्खा कोअर व्यापून बसलेला दिसतो आणि त्याच्या नावात ‘केएसीपीआयडी’ असतं. याचा अर्थ फर्मवेअर सेकंदाला शेकडो वेळा कर्नलला ‘काहीतरी घडलं’ असा इशारा देतंय आणि कर्नल दर वेळी उठून बघतोय. ‘सिस’मधल्या फर्मवेअर, एसीपीआय, इंटरप्ट्स या फोल्डरात जीपीई नावाच्या फाइली असतात, प्रत्येकीत एक आकडा. बहुतेक शून्य असतात. एखादीत लाखांचा आकडा असेल आणि पुन्हा वाचल्यावर तो वाढलेला दिसला, तर मूळ सापडलं. आधी बायोस अपडेट करून पाहा. तेवढ्याने भागलं नाही तर ‘एसीपीआय मास्क जीपीई’ हा बूट पर्याय देऊन तो एकच इशारा दाबता येतो. नंतर झाकण, हॉटकी, चार्जर ओळखणं आणि मुख्य म्हणजे फॅन हे सगळं नीट चालतंय ना ते जरूर तपासा, कारण तोच इशारा कशासाठी तरी खरोखर वापरला जात असू शकतो.

प्रोसेसर खरंच निवांत असेल आणि तरीही लॅपटॉप गरम असेल, तर ‘पॉवरटॉप’ चालवून प्रोसेसर गाढ झोपेच्या सी-स्टेटमध्ये जातोय का ते पाहा. आणि दोन ग्राफिक्स चिप असतील तर पुढचा प्रश्न वाचा.

एचपीच्या अनेक लॅपटॉपवर बायोसमध्ये ‘चार्जरवर असताना फॅन सतत चालू’ असा पर्याय असतो. तो चालू असेल तर वरचं काहीच करायला नको, तो बंद करा.

एनव्हिडियाची वेगळी चिप आहे. ती वापरत नाही, तरी ती तापते का?

तापू शकते. वापरत नसणं वेगळं आणि वीज बंद असणं वेगळं. ‘सिस’मधल्या त्या चिपच्या पीसीआय फोल्डरातली ‘पॉवर’ खालची ‘रनटाइम स्टेटस’ ही फाइल वाचा. ‘सस्पेंडेड’ असेल तर चिप झोपली आहे, ‘अॅक्टिव्ह’ असेल तर जागी आहे आणि कित्येक वॅट फुकट जात आहेत. एनव्हिडियाच्या ड्रायव्हरमधली ही झोपण्याची सोय ट्युरिंग पिढीपासूनच्या चिपना मिळते.

एक सापळा असा की ‘एनव्हिडिया-एसएमआय’ ही कमांड चिपला जागं करते. दर दोन सेकंदांनी ती चालवणारं विजेट पॅनेलवर लावलं, तर चिप कधीच झोपणार नाही आणि विजेट मात्र इमानदारीने सांगत राहील की ती जागी आहे. बाहेरचा मॉनिटर थेट त्या चिपला जोडलेल्या पोर्टवर असेल तरीही ती जागीच राहते. त्यावर उपाय म्हणजे दुसरं पोर्ट वापरून पाहणं.

व्हिडिओ लावला की फॅन सुरू होतो. असं व्हायला हवं का?

नको. व्हिडिओ उलगडण्यासाठी ग्राफिक्स चिपमध्ये वेगळा भाग असतो. तो वापरला गेला नाही तर तेच काम प्रोसेसर करतो आणि तापतो. ‘व्हीए-इन्फो’ कमांडने तुमची चिप कोणते प्रकार हाताळते ते कळतं. यादीच रिकामी आली तर ड्रायव्हरचं पॅकेज राहिलं आहे. काही डिस्ट्रो (फेडोरा, उबुंटू असे लिनक्सचे तयार संच) पेटंटच्या कारणाने एच.२६४ सारखे प्रकार मूळ पॅकेजमधून वगळतात, तिथे ते वेगळ्या भांडारातून घ्यावे लागतात. जुन्या चिपला एव्ही१ येत नाही. अशा वेळी साइट तोच प्रकार पाठवत असेल तर ब्राउझरमध्ये एव्ही१ बंद केल्यावर साइट दुसरा प्रकार पाठवते आणि फॅन शांत होतो.

पॉवर प्रोफाइल, टीएलपी, थर्मलडी: नक्की काय वापरू?

पॉवर प्रोफाइलपासून सुरुवात करा, आणि बहुतेकांनी तिथेच थांबावं. २०२१ मध्ये आलेल्या कर्नल ५.१२ पासून ‘प्लॅटफॉर्म प्रोफाइल’ नावाची सोय आहे. निर्मात्याचा विंडोज प्रोग्राम कंट्रोलरला जो मोड कळवतो, तोच यातून लिनक्सला कळवता येतो. ग्नोम आणि केडीईच्या बॅटरीच्या मेन्यूत जे तीन पर्याय दिसतात, ते तुमच्या मॉडेलला ड्रायव्हर असेल तर इथवर पोहोचतात. ‘पॉवर सेव्हर’ निवडल्यावर फॅनचा आवाजच बदलतो, हे पहिल्यांदा अनुभवलं की आधी केलेल्या अर्ध्या खटपटी अनावश्यक होत्या हे लक्षात येतं. मेन्यूत ‘परफॉर्मन्स’ हा पर्यायच नसेल, तर बहुधा तुमच्या मॉडेलसाठी हा ड्रायव्हर नाही.

या मेन्यूमागची सेवा ‘पॉवर-प्रोफाइल्स-डेमन’ पुरवते. फेडोरा ४१ पासून तिथे तिची जागा ‘ट्यून्ड’ने घेतली आहे, मेन्यू तसाच आहे.

टीएलपी (वीज वाचवणाऱ्या सेटिंगचं साधन) चांगलं आहे, बारीकसारीक सेटिंग हवी असणाऱ्यांना जरूर वापरावं. पण ते आणि पॉवर-प्रोफाइल्स-डेमन एकत्र चालवू नका. दोघंही त्याच सेटिंग लिहितात, आणि शेवटी कोणाचं चाललं ते कळत नाही.

थर्मलडी फक्त इंटेलसाठी. उबुंटूच्या डेस्कटॉपवर तो आधीपासून असतो. तो फॅनऐवजी मुख्यतः प्रोसेसरची वीजमर्यादा कमी-जास्त करून तापमान राखतो. एएमडीवर तो टाकून काहीही मिळत नाही.

टर्बो बंद करावा का?

टर्बो म्हणजे प्रोसेसरने नेहमीच्या वेगाच्याही वर जाणं. तो बंद करण्याइतका आवाजावर परिणाम करणारा दुसरा सोपा उपाय नाही. प्रोसेसरचा वीजखर्च वेगाच्या पटीत वाढतो आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. शेवटच्या काही शे मेगाहर्ट्झसाठी व्होल्टेज भरपूर चढवावं लागतं, म्हणून वरचा थोडासा वेग फार महाग पडतो. टर्बो बंद केल्यावर लिहिणं, वाचणं, ब्राउझिंग यांत फरक क्वचितच जाणवतो. कंपायलर, व्हिडिओ संपादन, खेळ यांत नक्की जाणवतो.

इंटेलवर ‘इंटेल पी-स्टेट’ फोल्डरातल्या ‘नो टर्बो’ फाइलीत १ लिहायचा. एएमडीवर ‘सीपीयूफ्रीक’खालच्या ‘बूस्ट’मध्ये ०. रीबूट केल्यावर दोन्ही पूर्ववत होतात, त्यामुळे बिनधास्त करून पाहा.

मधला मार्ग हवा असेल तर टर्बो चालू ठेवून वॅटची मर्यादा उतरवा. इंटेलवर ‘पॉवरकॅप’ फोल्डरात दोन मर्यादा असतात, एक दीर्घकाळची आणि एक थोड्या वेळाची, आकडे मायक्रोवॅटमध्ये. दीर्घकाळची २८ वॅट असेल तर १८ करून पाहा. छोटी कामं तितकीच चपळ राहतात आणि लांबलेल्या कामातच वेग उतरतो. मला टर्बो पूर्ण बंद करण्यापेक्षा हा मार्ग जास्त पटतो. एएमडीसाठी ‘रायझनएडीजे’ हा प्रोग्राम असंच काम करतो.

‘सेन्सर्स’मध्ये फॅनच दिसत नाही, ‘पीडब्ल्यूएम-कॉन्फिग’ही काही सापडलं नाही म्हणतो.

पीडब्ल्यूएम-कॉन्फिग आणि ‘फॅनकंट्रोल’ ही जोडी मुख्यतः डेस्कटॉपच्या मदरबोर्डसाठी आहे. लॅपटॉपचा कंट्रोलर फॅनचा वेग कर्नलला दाखवेलच असं नाही. त्या मॉडेलचा ड्रायव्हर असेल तरच तो दिसतो. फॅन दिसतो पण ० आरपीएम आहे, तर बहुधा तो खरंच थांबलेला आहे, थंड असताना फॅन बंद ठेवणारे लॅपटॉप पुष्कळ आहेत. आणि कधी ६५५३५ दिसलं तर घाबरू नका, तो वेग नाही. तो सोळा बिटांत मावणारा सर्वांत मोठा आकडा आहे, म्हणजे त्या क्षणी वाचन झालंच नाही.

तरीही फॅन मला स्वतःच चालवायचा आहे. कसा चालवू?

मॉडेलवर अवलंबून आहे. सगळ्यांत व्यवस्थित सोय थिंकपॅडवर आहे, म्हणून ती तपशिलात सांगतो.

‘थिंकपॅड-एसीपीआय’ मॉड्यूल (कर्नलला जोडला जाणारा ड्रायव्हर) ‘फॅन कंट्रोल’ हा पर्याय १ ठेवून लोड करावं लागतं. तो दिला नाही तर वेग वाचता येतो, लिहिता येत नाही, आणि ही राखण मुद्दाम ठेवलेली आहे. मग ‘प्रॉक’, ‘एसीपीआय’, ‘आयबीएम’ या वाटेने ‘फॅन’ नावाच्या फाइलीत ‘लेव्हल’ आणि पुढे आकडा लिहायचा: ० म्हणजे बंद, ७ म्हणजे नेहमीची कमाल. ‘ऑटो’ लिहिलं की ताबा परत कंट्रोलरकडे जातो. ‘डिसएंगेज्ड’ नावाची अवस्था ७ च्याही वर आहे. तीत कंट्रोलर वेग मोजून आवरत नाही, फॅन मोकाट पळतो. रोजच्या वापरासाठी ती नाही.

हाताने लेव्हल लिहून विसरून जाणं धोक्याचं आहे. म्हणून त्याच फाइलीत ‘वॉचडॉग’ आणि १ ते १२० मधला सेकंदांचा आकडा लिहिता येतो. तेवढ्या वेळात फॅनविषयी नवी आज्ञा आली नाही, तर मॉड्यूल फॅन पुन्हा सुरक्षित अवस्थेत नेतं. ‘थिंकफॅन’ हा प्रोग्राम ही सगळी उठाठेव तुमच्यासाठी करतो. त्याच्या तक्त्यात वर जाण्याचं आणि खाली उतरण्याचं तापमान वेगळं ठेवा, उदाहरणार्थ ६० ला वाढ आणि ५४ ला घट. दोन्ही एकच ठेवलं तर फॅन दर काही सेकंदांनी वर-खाली करत राहतो, आणि तो आवाज एकसुरी आवाजापेक्षा जास्त त्रास देतो.

डेलवर ‘डेल-एसएमएम’ ड्रायव्हर आहे, पण बऱ्याच मॉडेलांत बायोस तुमची आज्ञा काही क्षणांत पुसून स्वतःची लावतं. असुसवर ‘असुससीटीएल’, इंटेल मॅकबुकवर ‘एमबीपीफॅन’. यांतलं काहीच लागू नसेल तर ‘एनबीएफसी-लिनक्स’. हा प्रोग्राम कंट्रोलरच्या रजिस्टरमध्ये थेट लिहितो, म्हणून नेमक्या तुमच्याच मॉडेलची कॉन्फिग फाइल हवी. ‘जवळपास सारख्या’ मॉडेलची लावू नका. त्याच पत्त्यावर तुमच्या मशीनमध्ये बॅटरीचं किंवा आणखी कशाचं सेटिंग असू शकतं. सिक्युअर बूट चालू असेल तर कर्नल असं लिखाण अडवूही शकतो.

अंडरव्होल्टिंग करता येईल का?

अंडरव्होल्टिंग म्हणजे प्रोसेसरचं व्होल्टेज नेहमीपेक्षा कमी ठेवणं. जुन्या इंटेलवर ते ‘इंटेल-अंडरव्होल्ट’ने येतं आणि परिणाम छान मिळतो. पण डिसेंबर २०१९ मध्ये ‘प्लंडरव्होल्ट’ हा सुरक्षादोष जाहीर झाल्यावर बायोस अपडेटमधून ही सोय बऱ्याच मशीनवर बंद झाली. फक्त त्यासाठी जुन्या बायोसवर परत जावं, असं मी सुचवणार नाही. वॅटची मर्यादा वापरा.

प्रोसेसर थंड आहे, तरी ४०० मेगाहर्ट्झवरच अडकलाय.

ही तापण्याची तक्रार वाटत नाही, पण मूळ तिथेच आहे. मदरबोर्डवरचा दुसरा एखादा भाग ‘मी तापलोय’ हा इशारा प्रोसेसरला पाठवू शकतो, आणि तो मिळाला की प्रोसेसर तळाच्या वेगाला जातो. चार्जर ओळखला गेला नाही, बॅटरी खराब झाली किंवा एखादा सेन्सर बिघडला, तर हा इशारा विनाकारण चालू राहतो. मूळ चार्जर लावून पाहा. नंतर मशीन बंद करून, चार्जर काढून, पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा. हा इशारा दाबून टाकणाऱ्या युक्त्या सापडतील, पण खरंच तापलेला भाग त्यामुळे मुका होतो.

झाकण मिटून बॅगेत ठेवला आणि बाहेर काढला तर भट्टी झालेली. का?

तो झोपलाच नव्हता, किंवा अर्धवट झोपला होता. ‘सिस’मधल्या ‘पॉवर’ फोल्डरातली ‘मेम स्लीप’ फाइल वाचा. ‘एस२आयडल’ कंसात असेल तर मशीन नव्या प्रकारची झोप घेतं. त्यात कर्नल थांबतो, पण चिप खरोखर गाढ झोपेत जायला प्रत्येक उपकरणाने साथ द्यावी लागते. ‘डीप’ हा पर्यायही दिसत असेल तर तो लावून पाहा. दिसत नसेल तर बायोसमध्ये ‘लिनक्स’ किंवा ‘एस३’ असा झोपेचा पर्याय शोधा, काही लॅपटॉपमध्ये असतो. नव्या कर्नलमध्ये ‘सस्पेंड स्टॅट्स’खालची ‘लास्ट एचडब्ल्यू स्लीप’ ही फाइल मागच्या खेपेला हार्डवेअर किती वेळ खरं झोपलं ते सांगते. तासभर झाकण मिटून तिथे ० असेल, तर हे सुधारेपर्यंत बॅगेत ठेवताना मशीन पूर्ण बंद करा किंवा हायबरनेट करा. बंद बॅगेत उष्णतेला बाहेर पडायला वाटच नसते.

सगळं करून झालं. आता आत साफ करू का?

लॅपटॉप दोन-तीन वर्षांचा असेल आणि जोराच्या कामात वेग निम्म्यावर येत असेल, तर हो. धूळ फॅनच्या पात्यांवर कमी आणि फॅन व हीटसिंकच्या पापुद्र्यांच्या मधल्या फटीत जास्त साचते. तिथे तिचा नमद्यासारखा थर बनतो आणि तो बाहेरून दिसत नाही. मागचं झाकण काढून, बॅटरीची जोडणी सोडवून, फॅन बोटाने धरून हवा मारा. न धरता मारली तर फॅन बेफाम फिरून त्याचं बेअरिंग खराब होऊ शकतं. थर्मल पेस्ट सुकली असेल तर बदला. पण काही मशीनमध्ये पेस्टऐवजी लिक्विड मेटल असतं, ते विजेचं वाहक आहे. आपल्या मॉडेलमध्ये काय आहे ते आधी पाहून घ्या.

कर्नल अपडेट झाल्यापासून अचानक आवाज वाढलाय. बग कळवताना काय काय द्यावं?

बूट मेन्यूतून जुना कर्नल निवडून तेच काम करा. जुन्यावर शांत आणि नव्यावर गोंगाट असेल, तर ही माहिती सोन्यासारखी आहे. दोन्ही आवृत्त्यांचे नेमके क्रमांक द्या. सोबत लॅपटॉपचं पूर्ण मॉडेल आणि बायोसची आवृत्ती, दोन्ही कर्नलवरचं निवांत असतानाचं ‘सेन्सर्स’ आणि ‘टर्बोस्टॅट’चं वाचन, आणि ‘डीमेसेज’चा (कर्नलच्या नोंदी दाखवणारी कमांड) संपूर्ण मजकूर जोडा. त्याआधी ‘एफडब्ल्यूयूपीडी’ (फर्मवेअर अपडेट करणारा प्रोग्राम) चालवून नवं बायोस आलंय का ते बघा, कारण पहिला प्रतिप्रश्न तोच येतो.